धारचा पेशंट

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. खजराण्याच्या गणपतीसमोर कितीदा उभा राहिलो, पण तिथंही हात जोडून दुसरंच काहीतरी पुटपुटत आलो — पोरांच्या परीक्षा, बायकोचे गुडघे. देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात. बरंच आहे मग. माझं तोंड उघडायचं वाचलं.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि एक आधीच सांगून ठेवतो — मी रडतबिडत नाहीये. मला राग आलेला आहे. पंचवीसच्या वर वर्षं झाली, तो उतरत नाही. मिलवाल्यांचा येतो, लॅबच्या मालकाचा येतो, 'दिलीपभाऊ म्हणजे रिपोर्टच्या बाबतीत एकदम पक्के' म्हणणाऱ्यांचा तर फारच येतो. आणि फिरून फिरून तो शेवटी जिथं यायचा तिथंच येतो.

मास्तरांपासून सुरुवात करावी लागेल. सदाशिव घोलप. इंदूरच्या आमच्या मिलच्या रंगखात्याचे डाइंग मास्टर, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. बुटके, रुंद खांद्यांचे, नखं कायम निळी नाहीतर तपकिरी. घराणं होळकरांच्या फौजेतलं, पण हे त्यांची बायको, आमच्या काकू, सांगायच्या. मास्तर सांगायचे ते फक्त रंगांबद्दल. मी बी.एस्सी. करून मिलच्या लॅबमध्ये लागलो, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातला कापडाचा तुकडा हिसकावून घेतला.

"ट्यूबलाइटखाली काय बघतोस? तिथं सगळे रंग खोटं बोलतात. इकडे ये, उत्तरेच्या खिडकीत."

आठ वर्षं मी त्या खिडकीत उभा राहून शिकलो. शेडकार्डावर एकाच रंगाच्या पट्ट्या असतात, फिक्यापासून गडदपर्यंत. समोरचा तुकडा त्यातल्या कोणत्या पट्टीला लागतो ते नुसत्या नजरेनं सांगायचं. मास्तर दोन पट्ट्यांच्या मधलंसुद्धा सांगायचे.

एकदा माझ्या हातून एक लॉट बिघडला. मरून रंग होता, वजनात माझी चूक झाली. मी नमुन्याची पट्टी गठ्ठ्याखाली सरकवून दिली आणि गप्प बसलो. दुपारपर्यंत मास्तरांनी ती शोधून काढली. ओरडले नाहीत. मला मॅनेजरच्या केबिनपर्यंत घेऊन गेले, दार उघडलं आणि स्वतः बाहेर थांबले. मी आत जाऊन सांगितलं. मॅनेजर पाच मिनिटं वाट्टेल ते बोलला. बाहेर आलो तर मास्तर तिथंच.

"मेलास का?"

"नाही."

"मग चल. चहा पिऊ."

मला हे शिकवलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही. तेवढीही पळवाट नाही.

मग मिल बंद झाली. एका दिवसात नाही — आधी तिसरी पाळी गेली, मग बिल थकलं म्हणून वीज गेली, मग एक दिवस गेटला कुलूप आणि वर टाइप केलेला कागद. तेव्हा पेपरात रोज छापून यायचं की देश खुला होतोय, बाजार खुला होतोय. होत असेल. आमचं तेवढं बंद झालं. सांचे म्हणजे माग चालवणारी माणसं रिक्षा चालवायला लागली, भाजीचे ठेले लावायला लागली. मास्तर सांवेर रोडवर एका छोट्या युनिटात होजिअरीचे धागे रंगवायला लागले. मी तीन वर्षं ट्यूशन्या घेतल्या, एका दुकानात वह्या लिहिल्या, घरी बसलो. शेवटी मास्तरांनीच मला नोकरी लावली. बडा गणपतीजवळ एका डॉक्टरांची पॅथॉलॉजी लॅब होती, त्यांच्याकडे मला घेऊन गेले आणि म्हणाले, "साहब, इसकी नज़र बहुत अच्छी है. आपके यहाँ भी तो रंग ही देखना है ना?"

बरोबरच होतं त्यांचं. रक्ताच्या किती तरी तपासण्या शेवटी रंगावरच येतात. मी डिप्लोमा केला, दोन वर्षांत हात बसला. लॅबवर बोर्ड होता — पूर्णतः कम्प्यूटराइज्ड. आत परदेशी मशीन, परदेशी किट, खुर्र-खुर्र करत रिपोर्ट काढणारा प्रिंटर. हातानं लिहिलेल्या रिपोर्टवर लोक चार प्रश्न विचारायचे. छापलेला आला की कपाळाला लावून घेऊन जायचे.

आणि मग मास्तरांच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं.

तरुणपणी त्यांना कावीळ झाली होती. ती गेली असं सगळ्यांना वाटलं. तिचा विषाणू लिव्हरमध्येच मुक्काम करून राहिला. सोनोग्राफीत गाठ दिसली. मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं, लिव्हरचा एक तुकडा काढला, आणि मास्तर परत आले — वाळलेले, पण आले. मुंबईच्या डॉक्टरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. रक्तात एक प्रोटीन असतं, अल्फा फीटोप्रोटीन. पोटातलं बाळ ते बनवतं. मोठ्या माणसात ते जवळजवळ नसतंच. लिव्हरचा कॅन्सर झाला की ते पुन्हा बनायला लागतं. ऑपरेशनआधी मास्तरांचा हा आकडा हजारांत होता, नंतर दोन महिन्यांत साधारण माणसाइतका खाली आला. पण डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला ज्यांचा इतका जास्त असतो त्यांच्यात आजार उलटण्याची भीतीही जास्त. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त बघा. आकडा चढला तर दुखायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात या. गाठ लहान असेल तर काही तरी करता येतं — पुन्हा कापता येतं, सुईनं औषध टोचता येतं. आकडा बरोबर असेल तर यायची दगदग नको, नुसतं कळवा.

मास्तरांनी हे सगळं मला सांगितलं आणि वर म्हणाले, "मी म्हटलं डॉक्टरला, आमच्या इंदूरला आमचा घरचाच माणूस आहे बघायला."

घरचा माणूस. ऐकताय ना?

आता किटचं सांगतो, थोडक्यात. एक प्लास्टिकची प्लेट असते, तिच्यात बोराच्या बीएवढे खड्डे, त्यांना वेल म्हणतात. काही वेलमध्ये माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने घालायचे, फिक्यापासून गडदपर्यंत — हुबेहूब शेडकार्ड. बाकीच्यांत पेशंटचे. एक पेशंट असो की वीस, शेडकार्डाचे वेल प्रत्येक वेळी जातातच. म्हणून एकट्या पेशंटसाठी किट उघडायला मालकाच्या जिवावर यायचं. नमुने साठवा, दहा-बारा झाले की एकदम लावा, असा नियम होता. ठीक आहे, त्यात वाईट काही नाही. पण पेशंट तिथवर थांबत नाही ना.

पहिल्या वेळी मास्तरांचं रक्त घेतलं, नळी फ्रीजरमध्ये ठेवली. आठवडा गेला. मालकानं विचारलं, "घोलपजी का रिपोर्ट?"

"सर, किट नहीं खोला. एक ही सैम्पल है."

"तो लिख दो यार. ऑपरेशन हो चुका है, नॉर्मल ही आएगा. छह-वह लिख दो."

मी लिहिलं. सहा पॉइंट एक. नुसतं सहा नाही हां — सहा गोल वाटतं, बनवल्यासारखं वाटतं. पॉइंट एक लावला की खरं वाटतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं डोकं.

दुसऱ्या वेळी मालकानं विचारलंसुद्धा नाही. मीच लिहून मोकळा झालो, पाच पॉइंट आठ. आणि पहिली नळी, दुसरी नळी, दोन्ही बेसिनमध्ये ओतून दिल्या. तुम्हाला वाटेल, मला काही वाटलं कसं नाही? थोडं वाटलं. मग वाटलं, मास्तर धडधाकट दिसताहेत, स्कूटर चालवताहेत, पोहे खाताहेत. आकडा आला असता तरी सहाच आला असता.

इथपर्यंतचं मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. मालकाला चार शिव्या घालून, पोटासाठी काय काय करावं लागतं म्हणून. लोकांनी मान हलवली असती. पण माझा गुन्हा हा नाही. हा गुन्ह्याचा ओटा आहे. घर पुढं आहे.

तिसऱ्या वेळी योगायोगानं नमुने साठले होते. मी सकाळी किट उघडलं. मास्तरांची नळी अकराव्या नंबरला. सगळं नीट केलं, वेळ लावून. शेवटी ॲसिड घातलं की वेलमधला निळा रंग पिवळा होतो — जितकं प्रोटीन जास्त, तितका गडद. मी प्लेट उचलली आणि मशीनमध्ये घालायची गरजच उरली नाही. अकरावा वेल शेडकार्डाच्या शेवटच्या वेलपेक्षाही गडद होता. हळदीचा नाही, जळक्या गुळाचा रंग. मी नंबर तपासला, नळीवरची चिठ्ठी तपासली. तरी मशीनमध्ये घातली. मशीननंही हात टेकले — मोजता येण्याच्या पलीकडे.

म्हणजे आजार परत आला होता. आजचा नाही, आधीच्या वेळीही असणार. त्याच्या आधीच्या वेळीही थोडा असेल. मला कसं कळणार होतं? मी तर नळ्या बेसिनमध्ये ओतल्या होत्या.

मी प्लेट मशीनमधून बाहेर काढली. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "काय रे, लागला का रंग?"

मास्तर. कामावर जाता जाता रिपोर्टसाठी आले होते. त्यांना लॅबमध्ये कुणी अडवत नसे. हेल्मेट काखेत, डोळे प्लेटवर.

"हीच का ती? बघू दे ना. तीन वेळा रक्त दिलं, एकदाही बघितलं नाही."

त्यांनी प्लेट माझ्या हातातून घेतली. अलगद घेतली, दोन बोटांनी कडेला धरून, आणि सवयीनं खिडकीकडे वळले. उजेडात धरली. ट्यूबलाइटखाली नाही बघितलं त्यांनी.

"हे तुमचं शेडकार्ड, नाही का? इकडून तिकडे चढत गेलंय." पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. "आणि यातला माझा कोणता?"

तुम्ही काय केलं असतं? नाही, राहू द्या. तुम्ही काय केलं असतं याच्याशी मला काही घेणं नाही. मी बोट उचललं आणि दुसऱ्याच एका वेलवर ठेवलं. कुणा बाईंचा होता तो, जवळजवळ पाण्यासारखा.

"हा."

मास्तर वाकून बघत राहिले. मग त्यांच्या छातीतून श्वास बाहेर आला, मला ऐकू आला. "फिका आहे," ते म्हणाले. "अगदी फिका." हसले. आणि मग त्यांची नजर पुढं सरकली — सरकणारच होती, उभी हयात त्या नजरेनं रंग बघितले होते.

"आणि हा रे? हा तर शेवटच्या शेडच्याही पुढं गेलाय."

"तो... आहे एक पेशंट. धारचा."

"धारचा." मास्तरांनी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. "बिचारा. घरी कोण आहे त्याच्या?"

"माहीत नाही, मास्तर."

"त्याला आजच कळव. पोस्टानं पाठवत बसू नकोस, फोन कर. वेळ घालवू नको, दिलीप. असल्यात एकेक दिवस मोलाचा, मला मुंबईत सांगितलंय."

मी म्हटलं, "हो."

त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली, पाठीवर थाप मारली आणि गेले. रिपोर्ट संध्याकाळी काकू घेऊन गेल्या. त्यावर मी छापलं होतं — नऊ पॉइंट दोन.

नऊच का? तेही सांगतो, कारण त्यातच माझा खरा चेहरा आहे. पाच पॉइंट आठवरून एकदम मोजता न येणारा आकडा गेला असता, तर मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं असतं — असं कसं? आधीचे नमुने दाखवा. मग सगळं बाहेर आलं असतं. मालकानं हात वर केले असते, लिहिणारा मी. नोकरी गेली असती. म्हणून मी ठरवलं, आकडा हळूहळू चढवायचा. या वेळी नऊ, नॉर्मलच्या आतच. पुढच्या वेळी बोलवायचं लवकर, तेव्हा तीस. मग शंभर. म्हणजे कुणाला शंका येणार नाही आणि मास्तरही मुंबईला पोचतील. जिन्यानं नेल्यासारखे! कॅन्सर माझ्या जिन्याच्या पायऱ्या मोजत थांबणार होता जणू. मी बी.एस्सी. होतो, डिप्लोमावाला होतो, तो आकडा म्हणजे काय हे मला त्या खोलीत सर्वांत जास्त कळत होतं. आणि मी पायऱ्या आखत बसलो.

मालक त्या दिवशी लॅबमध्ये नव्हता. हे लक्षात ठेवा. मला कुणीही काहीही सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी मुंबईला कळवलं, रिपोर्ट नॉर्मल. तिकडून निरोप आला, छान, आता यायची गरज नाही. मास्तरांनी सांवेर रोडच्या युनिटात अर्ध्या दिवसाचं काम पूर्ण दिवसाचं करून घेतलं. उभ्यानं, वाफेत. काकू म्हणाल्या, किती दिवसांनी गुणगुणताहेत. मी लवकर तपासणीला बोलवणार होतो ना? दोनदा निरोप दिला. पण कशासाठी लवकर, ते सांगायची हिंमत नव्हती, मग मास्तर कशाला येतील? "अरे, तूच तर दाखवलास मला रंग," म्हणाले. "डोळ्यांनी बघितलंय मी."

आणि रस्त्यात कुठंही भेटले की पहिला प्रश्न — "त्या धारच्याला कळवलंस ना?"

"कळवलं."

"मग?"

"मुंबईला गेला."

"शाब्बास. ऑपरेशन?"

"झालं, मास्तर."

बघा तुम्ही. नसलेल्या माणसाला मी मुंबईला पाठवलं, त्याचं ऑपरेशन केलं, त्याला शुद्धीवर आणलं. मास्तरांना जे जे मिळायला हवं होतं ते सगळं मी त्या धारच्याला दिलं. एकदा मास्तर म्हणाले, खजराण्याला गेलो होतो, त्याच्या नावानं एक फूल वाहिलं. नाव ठाऊक नाही म्हणून देवाला म्हटलं — तो धारचा. मी त्या वेळी काय केलं? मी म्हटलं, "चांगलं केलंत."

दहा-अकरा आठवडे गेले आणि मास्तरांचे डोळे पिवळे झाले. पोट फुगलं. आमच्या भागातल्या फिजिशियननं सोनोग्राफी केली, तर लिव्हरमध्ये एक नाही, जागोजाग गाठी. त्यांनी तातडीनं रक्त पाठवलं. कुठं पाठवणार? माझ्याकडेच. या वेळी मी किट उघडलं, एकट्यासाठी उघडलं, नमुना पातळ करून पुन्हा पुन्हा लावला आणि खरा आकडा छापला. कितीतरी हजारांत. आता खरं बोलायला मला काहीच लागत नव्हतं. आता खरं माझ्याच सोयीचं होतं.

कारण मग काय झालं, तर फिजिशियननं दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि म्हणाले, अडीच महिन्यांत नऊवरून इथं! फार जहाल प्रकार आहे. मुंबईला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, अहो, तीन महिन्यांपूर्वी का नाही आलात? काकूंनी रिपोर्ट पुढं केले. डॉक्टरांनी विचारलं, लॅब भरवशाची आहे ना? काकू म्हणाल्या, आमच्या घरचाच मुलगा आहे तिथं. मग डॉक्टर म्हणाले, असं असेल तर कुणाचाच दोष नाही.

हे मला काकूंनीच सांगितलं, परत आल्यावर, चहाचा कप माझ्या हातात देताना. कुणाचाच दोष नाही. मी तो चहा प्यायलो.

मास्तर घरीच होते शेवटचे पाच आठवडे. मी रोज जायचो. रोज! लोक म्हणायचे, पोटचा मुलगा काय करेल असं करतोय. सलाईन लावायचो, सुया टोचायचो. मला कुणी सांगा, हे काय होतं? सेवा? मी पहारा देत होतो. ते काही बोलतात का, कुणाला काही संशय येतो का, ते बघत होतो. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले. चेहरा हळदीसारखा, ओठ कोरडे. मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आलं. आता विचारणार.

"तो धारचा कसा आहे रे?"

"बरा आहे, मास्तर."

"बघ. वेळेवर कळलं म्हणून."

तीन दिवसांनी गेले. चोपन्न वर्षांचे होते.

मी स्वतःला एक गोष्ट पुष्कळ वर्षं सांगत आलो — की त्यांना कळलं होतं. इतकी पक्की नजर, खिडकीतच ओळखलं असणार त्यांनी. आणि मला सांभाळून घेतलं. किती छान ना? मरणाऱ्यानं माफ केलं, मी सुटलो. साफ खोटं आहे. त्यांना काहीही कळलं नव्हतं. त्यांनी नजरेनं रंग बरोबर ओळखला, आणि नाव माझ्यावर विश्वास ठेवून चुकीचं घेतलं. बस्स. कळलं असतं तर त्यांनी मला मालकाच्या केबिनपर्यंत नेलं असतं आणि त्याच दिवशी मुंबईची गाडी पकडली असती. मास्तरांना जगायचं होतं.

तेराव्याला फिजिशियन आले होते. दहा-बारा जण बसले होते, तेच बोलणं चाललं होतं — भिया, कैसे अचानक हुआ, दो महीने पहले तो स्कूटर चला रहे थे. सगळे माझ्याकडे वळले, मी जाणकार ना! आणि मी घसा साफ करून म्हणालो, "होतं असं कधीकधी. हे प्रोटीन शांत असतं, शांत असतं आणि एकदम उसळतं." कुणी मला विचारलंसुद्धा नव्हतं.

ते फिजिशियन पुढं आपल्या पेशंटना सांगायला लागले, या टेस्टवर फार विसंबू नका, माझ्या एका पेशंटमध्ये तिनं शेवटपर्यंत दगा दिला. मी माझ्या कानांनी ऐकलंय. टेस्टनं दगा दिला! लावली त्या पहिल्याच खेपेला तिनं खरं सांगितलं होतं, ओरडून, उजेडात. त्या डॉक्टरांचं ऐकून पुढं किती जणांनी तपासणी टाळली असेल? मला माहीत नाही. एकानं टाळली असेल तरी तो माझ्या खात्यात आहे.

मालकाच्या पुढं आणखी दोन लॅब झाल्या. त्याचा राग येतो, हो. पण मी त्याच्याकडे नंतर अकरा वर्षं नोकरी केली. मास्तर गेल्यानंतर मी बिनातपासणीचा आकडा कधीच छापला नाही, त्याच्याशी भांडून किट उघडायला लावलं. म्हणजे भांडता येत होतं. नोकरी गेली नाही माझी. एका भांडणाचं काम होतं सगळं. मेलो असतो का?

मास्तर वाचले असते का? रंग इतका गडद होता की कदाचित तेव्हाही उशीरच झालेला असता. हे वाक्य मी इतकं चघळलंय की त्याचा चोथा झालाय. ठरवणारा मी कोण? अकरा आठवडे होते. मुंबईला जायचं, की घरी बसून माणसांत राहायचं, की काकूंना घेऊन कुठं फिरून यायचं — काय करायचं ते त्यांनी ठरवायचं होतं. ते अकरा आठवडे त्यांनी एका शेडमध्ये वाफेत उभं राहून दुसऱ्यांच्या बनियनचे धागे रंगवले, कारण मी बोट चुकीच्या जागी ठेवलं. चुकून नाही. ठेवलं.

मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला. आता त्या ऐंशीच्या पुढं आहेत, थकवा येतो म्हणत होत्या. रक्त तपासायचं होतं. घराजवळ चांगली लॅब आहे, घरी येऊन नमुना घेऊन जातात, पण त्या म्हणाल्या, नको रे, तूच ये, तुझ्याच हातानं घे. मी आता कुठं नोकरी करत नाही, तरी सुई, नळी घेऊन गेलो. त्यांचा हात हातात घेतला, शीर शोधली. सालीसारखी कातडी झालीय. नमुना ओळखीच्या लॅबमध्ये नेऊन दिला, मशीनसमोर स्वतः उभा राहिलो आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन गेलो.

जाताना ठरवलं होतं, आज सांगायचं. जिना चढताना ठरवलेलंच होतं. काकूंनी दार उघडलं आणि विचारलं, "काय म्हणतो रिपोर्ट?"

"चांगला आहे, काकू. रक्त थोडं कमी आहे, बाकी सगळं ठीक."

ते खरं होतं. मी कागद पुढं केला. त्यांनी तो उलगडून बघितलासुद्धा नाही. "तू सांगितलंस ना, झालं," म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.